छोट्या मराठी साइटला सीडीएन कसं लावायचं: नेमसर्व्हरपासून मागच्या दारापर्यंत

दिवाळी अंक, गावची जत्रा, आंब्याची बाग, नाटकाची तिकिटं. अशा साइटचं वेळापत्रक ठरलेलं असतं. वर्षभर तुरळक ये-जा आणि मग आठवडाभर झुंबड. व्हॉट्सॲपच्या गटांत लिंक फिरली की थोड्याच वेळात शेअर्ड होस्टिंगचा सर्व्हर मान टाकतो. होस्टिंगवाल्याला फोन केला की तो मोठा प्लॅन सुचवतो. माझं मत वेगळं आहे. अशा बहुतेक साइटना मोठा सर्व्हर लागत नाही, नीट लावलेलं सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती जगभर ठेवणारी सेवा, लागतं. 'नीट लावलेलं' यावर माझा भर आहे, कारण क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीच्या पानावरचा केशरी ढग चालू केला की काम संपलं असं समजून पुष्कळ जण तिथेच थांबतात. तोवर साइट फारशी वेगवान झालेली नसते आणि संरक्षणही अर्धवट असतं.

मी एका डिजिटल दिवाळी अंकाची आणि ओळखीच्या संस्थांच्या काही साइट सांभाळते. खाली दिलेला क्रम त्या कामातूनच पक्का झाला आहे. वर्डप्रेसची साइट आणि क्लाउडफ्लेअरची मोफत योजना धरून लिहिते आहे. त्या योजनेला क्रेडिट कार्ड लागत नाही आणि कंपनीचे सर्व्हर मुंबई, चेन्नई, दिल्लीतही आहेत. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलणं शक्य नसेल तर बनी किंवा ॲमेझॉनचं क्लाउडफ्रंट हे पर्याय आहेत. तिथल्या बटणांची नावं वेगळी असली तरी विचार हाच.

सीडीएन नेमकं काय करतं?

अंक पुण्यात छापला म्हणून नागपूरचा वाचक पुण्याला येत नाही, त्याच्या गावातल्या स्टॉलवर प्रत ठेवलेली असते. सीडीएन साइटच्या फायलींची अशीच सोय करतं. जगभरातल्या सर्व्हरवर प्रती ठेवायच्या आणि वाचकाला जवळच्या सर्व्हरवरून द्यायच्या. ही कल्पना जुनी आहे. एमआयटीतले टॉम लाइटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाय कंपनी काढली ती याच कामासाठी. छोट्या साइटना ही सोय फुकट मिळू लागली ती २०१० मध्ये क्लाउडफ्लेअर आल्यावर.

अंतराचा हिशोब एकदा करून पाहा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. म्हणजे एका जाण्या-येण्याला किमान १२५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. नव्या वाचकाचा ब्राउझर आधी जोडणी मागतो, मग एन्क्रिप्शनची बोलणी करतो आणि त्यानंतर पान मागतो. किमान तीन फेऱ्या झाल्या. न्यू जर्सीतल्या वाचकाला पहिलं अक्षर दिसायच्या आधी अर्धा सेकंद असा प्रवासातच जातो. सर्व्हर कितीही मोठा घेतला तरी हा वेळ कमी होत नाही.

आधी जमवायच्या गोष्टी

- डोमेन जिथून घेतलं त्या रजिस्ट्रारचं लॉगिन, आणि त्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर किंवा ईमेलवर जातो तो हाताशी. संस्थांमध्ये हे बहुधा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या नावावर असतं. काम सुरू करण्याआधी ते संस्थेच्या ईमेलवर आणून घ्या.
- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचं लॉगिन आणि वर्डप्रेसचा ॲडमिन पासवर्ड.
- सध्याच्या डीएनएस रेकॉर्डची, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींची, पूर्ण यादी. स्क्रीनशॉट चालेल, पण पानाचा तळ दिसेपर्यंत घ्या.
- ईमेल कुठून चालतं याची माहिती: गूगल, झोहो की त्याच होस्टिंगवरून?
- साइटचा ताजा बॅकअप, दुसऱ्या जागी उतरवून घेतलेला.
- क्लाउडफ्लेअरच्या खात्यासाठी टू-फॅक्टर ॲप. या खात्याचा ताबा गेला तर साइट आणि ईमेल दोन्हींचा ताबा जातो. रिकव्हरी कोड छापून ठेवा.

१. आधी मोजा

पेजस्पीड इनसाइट्सवर मुखपृष्ठ आणि एक लांब लेख तपासा आणि आकडे लिहून ठेवा. सर्व्हरकडून पहिला बाइट यायला किती वेळ लागतो तो आकडा विशेष पाहा. सगळा वेळ पाच-पाच एमबीच्या फोटोंत जात असेल तर आधी फोटो लहान करा. मोठे फोटो जवळच्या सर्व्हरवरून आले तरी वाचकाचा डेटा तेवढाच खातात.

२. डीएनएस रेकॉर्ड एकेक करून जुळवा

खातं उघडून डोमेन टाकलं की क्लाउडफ्लेअर जुने रेकॉर्ड स्वतः शोधून आणतं. त्या यादीवर डोळे झाकून विसंबू नका. आडवळणाचे सबडोमेन आणि ईमेल खरंच तुमच्याकडून आलं हे पटवणारे डीकेआयएम रेकॉर्ड सुटून जातात. डीकेआयएम सुटलं तर साइट छान चालते, पण संस्थेची पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये पडू लागतात, आणि हे कळायला आठवडे जातात. तुमची यादी शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ जुळवा.

प्रत्येक रेकॉर्डसमोर ढग दिसेल. केशरी म्हणजे वाचक क्लाउडफ्लेअरमार्फत येणार, करडा म्हणजे थेट तुमच्या सर्व्हरवर. मुख्य डोमेन आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू केशरी ठेवा. मेलचं सबडोमेन करडंच हवं, कारण क्लाउडफ्लेअरच्या या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या थांब्यातून, फक्त वेबची ठरावीक पोर्टं (सर्व्हरची क्रमांकित दारं) जातात. फायली चढवायचं एफटीपी आणि सर्व्हरवर लॉगिन करायचं एसएसएच जात नाही. उद्या फाइलझिला हे एफटीपीचं ॲप जोडणी घेईना झालं तर गोंधळू नका, होस्टिंगने दिलेलं सर्व्हरचं मूळ नाव वापरा.

एन्क्रिप्शनचं मोफत प्रमाणपत्र एकाच पातळीच्या सबडोमेनपर्यंत चालतं. 'अंक' हे सबडोमेन चालेल, पण त्याच्याही आत 'जुने.अंक' असं काही केलं असेल तर तिथे ब्राउझर धोक्याची सूचना दाखवेल.

३. नेमसर्व्हर बदला, पण डीएनएससेक आधी बंद करा

क्लाउडफ्लेअर दोन नेमसर्व्हर देईल. रजिस्ट्रारकडे जाऊन जुने काढायचे आणि हे दोन टाकायचे, एवढंच. त्याआधी मात्र रजिस्ट्रारच्या पानावर डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरची डिजिटल सही) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर बंद करा, त्या सहीची रजिस्ट्रारकडची खूण, म्हणजे जुना डीएस रेकॉर्ड, काढा, थोडे तास जाऊ द्या आणि मगच नेमसर्व्हर बदला. हे राहिलं तर जुनी सही आणि नवे सर्व्हर यांचा मेळ बसत नाही आणि अनेक वाचकांसाठी डोमेनच नाहीसं होतं. नवी जोडणी स्थिर झाल्यावर क्लाउडफ्लेअरकडून नवा डीएस रेकॉर्ड घेऊन डीएनएससेक पुन्हा चालू करता येतं.

बदल सगळीकडे पोचायला २४ तासही लागू शकतात. म्हणून हे काम प्रकाशनाच्या आदल्या रात्री करू नका. मी नवरात्राच्या आधीच उरकते.

४. एन्क्रिप्शन 'फुल स्ट्रिक्ट'वर ठेवा

वाचक ते क्लाउडफ्लेअर हा एक टप्पा, क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर हा दुसरा. 'फ्लेक्झिबल' निवडलं तर पहिला टप्पा कुलूपबंद होतो आणि दुसरा उघडाच राहतो. वाचकाला कुलूप दिसतं, पण त्याचा पासवर्ड पुढे उघड्यावरून जातो. शिवाय तुमचा सर्व्हर सगळ्यांना एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर दोघांत न संपणारी टोलवाटोलवी सुरू होते आणि ब्राउझर 'फार वेळा वळवलं' म्हणून थांबतो. हा संदेश दिसला की पहिली शंका याच सेटिंगवर घ्या. ते आपोआप निवडलं गेलं असलं तरी स्वतः उघडून पाहा.

'फुल स्ट्रिक्ट'मध्ये दोन्ही टप्पे कुलूपबंद होतात आणि सर्व्हरचं प्रमाणपत्रही तपासलं जातं. सर्व्हरवर मोफत मिळणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र असेल तर 'फुल स्ट्रिक्ट' लगेच चालतं. नसेल तर क्लाउडफ्लेअर सर्व्हरसाठी १५ वर्षांपर्यंतचं प्रमाणपत्र मोफत देतं. त्यावर फक्त क्लाउडफ्लेअरचा विश्वास असतो. ते लावलेल्या साइटचा ढग करडा केलात तर वाचकांना इशारा दिसेल, हे लक्षात ठेवा.

५. कॅश: खरा वेग इथे मिळतो

कॅश म्हणजे ठेवलेल्या प्रतींचा साठा. क्लाउडफ्लेअर आपणहून फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट, फाँट, पीडीएफ अशा फायलींच्याच प्रती ठेवतं. लेखाचं पान, म्हणजे एचटीएमएल, ठेवत नाही. दर वाचकागणिक वर्डप्रेस पान नव्याने रचत राहतं आणि झुंबडीच्या वेळी सर्व्हर पडतो तो याच कामाने. केशरी ढग असूनही साइट पडली, अशी तक्रार येते तिच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं.

आधी सध्याची स्थिती पाहा. क्रोममध्ये पान उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, पान रिफ्रेश करा आणि पहिल्याच ओळीवर क्लिक करा. रिस्पॉन्स हेडरमध्ये 'सीएफ-कॅश-स्टेटस' शोधा. 'डायनॅमिक' असेल तर पान थेट तुमच्या सर्व्हरवरून आलं. 'हिट' म्हणजे जवळच्या प्रतीवरून. 'मिस' म्हणजे प्रत आत्ता ठेवली जाते आहे, पुढच्याला मिळेल. प्रती शहरागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे मुंबईत हिट मिळाली तरी दुबईतल्या पहिल्या वाचकाला मिस मिळते. टियर्ड कॅश मोफत योजनेतही चालू करता येतं, ते करा. म्हणजे प्रत्येक शहर तुमच्या सर्व्हरकडे धावत नाही, मधल्या एका ठिकाणाहून प्रत घेतं.

आता 'कॅश रूल्स'मध्ये एक नियम लिहा: आपल्या डोमेनची पानं कॅश करा, पण पत्ता डब्ल्यूपी-ॲडमिन किंवा डब्ल्यूपी-लॉगिनचा असेल, किंवा कुकीत 'वर्डप्रेस लॉग्ड इन'ची खूण असेल, तर नको. या खुणेचं नाव अंडरस्कोअरसकट अचूक टाका. दुकान असेल तर कार्ट, चेकआउट, माय अकाउंट ही पानं आणि वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनच्या कुकीही वगळा. प्रतीचं आयुष्य ४ तास ठेवा. याला कारण आहे. वर्डप्रेसच्या फॉर्ममधली गुप्त खूण, नॉन्स, १२ ते २४ तासांत बाद होते. पानाची प्रत त्याहून जुनी झाली तर वर्गणीचा किंवा संपर्काचा फॉर्म भरूनही जात नाही, आणि वाचक तसं सांगायला येत नाही.

हा नियम लिहिताना घाई करू नका. लॉगिन केलेल्या माणसाचं पान कॅशमध्ये गेलं की ते दुसऱ्याला दिसतं. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेमच्या दुकानात नेमकं हेच झालं. हल्ला थोपवण्यासाठी कॅशची रचना बदलताना चूक झाली आणि सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती असलेली पानं परक्यांना दिसली. नियम चालू केल्यावर एका ब्राउझरमध्ये लॉगिन करून फिरा, मग खासगी खिडकीत तीच पानं उघडा. वरची काळी ॲडमिन पट्टी किंवा कुणाचं नाव तिथे दिसलं तर नियम लगेच बंद करा आणि सगळा कॅश पर्ज करा, म्हणजे ठेवलेल्या प्रती पुसून टाका.

लेखात दुरुस्ती केली की त्या पानाची प्रत काढून टाकावी लागते. क्लाउडफ्लेअरचं वर्डप्रेस प्लगइन ते आपोआप करू शकतं. त्याला पूर्ण खात्याची किल्ली देऊ नका, मर्यादित अधिकारांचं टोकन बनवून द्या. हाताने पर्ज करायचं असेल तर मराठी पत्त्यांची एक अडचण आहे. देवनागरी अक्षरं पत्त्यात टक्क्यांच्या खुणांसह आकडे-अक्षरांत बदलतात, एका अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. शिवाय वर्डप्रेस असा पत्ता २०० चिन्हांवर कापतं, त्यामुळे लांब मराठी शीर्षक मध्येच तुटतं. म्हणून पत्ता हाताने लिहू नका, ब्राउझरच्या पट्टीतून जसाच्या तसा कॉपी करा. नव्या लेखांना मी छोटे रोमन पत्तेच देते.

आणि पर्ज केल्याने वाचकाच्या स्वतःच्या ब्राउझरमधली प्रत जात नाही. मुखपृष्ठाचं चित्र बदललं तर फाइलचं नावही बदला.

देवनागरीचं आणखी थोडं. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, रोमन अक्षर १ बाइट. त्यामुळे मराठी लेखाला कॉम्प्रेशनचा फायदा भरपूर होतो. रिस्पॉन्स हेडरमध्ये कंटेंट-एन्कोडिंगसमोर ब्रॉटली, जीझिप किंवा झेडस्टँडर्ड यांपैकी काहीतरी दिसायला हवं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटच्या फायलीही जड असतात. दोनच वजनांचे (जाडीचे) फाँट ठेवा, वॉफ२ स्वरूपात ठेवा आणि आपल्याच डोमेनवरून द्या, म्हणजे त्यांच्याही प्रती कॅशमध्ये बसतात.

व्हिडिओ मात्र यातून देऊ नका. मोफत योजनेच्या अटींत ते बसत नाही. मुलाखती यूट्यूबवर चढवा आणि पानात जोडा.

कोणत्या शहरातून पान येतंय हे पाहायचं असेल तर आपल्या डोमेनच्या नंतर तिरकी रेघ, 'सीडीएन-सीजीआय', पुन्हा तिरकी रेघ, 'ट्रेस' असं रोमन अक्षरांत टाका. साधा मजकूर उमटेल. त्यातल्या 'कोलो' या ओळीत विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो: मुंबईला बीओएम, न्यूअर्कला ईडब्ल्यूआर. परदेशातल्या दोन-तीन वाचकांकडून याचा स्क्रीनशॉट मागवा. भारतातही काही इंटरनेट कंपन्यांची वाट सिंगापूरवरून जाते, ते इथे कळतं. त्याला तुमच्याकडे उपाय नाही, पण अमक्यालाच साइट हळू का, याचं उत्तर मिळतं.

६. मागचं दार बंद करा

क्लाउडफ्लेअर पुढच्या दारावर उभं आहे. तुमच्या सर्व्हरचा खरा आयपी पत्ता कुणाला माहीत असेल तर तो मागून थेट आत येतो आणि वरचे सगळे नियम निरुपयोगी ठरतात. हा पत्ता फुटायच्या वाटा ठरलेल्या आहेत: जुन्या डीएनएस नोंदींचे इतिहास, करड्या ढगाचं विसरलेलं एखादं सबडोमेन, आणि साइटवरून सुटणारं ईमेल. पासवर्ड बदलण्याचं पत्र त्याच सर्व्हरवरून गेलं तर त्याच्या हेडरमध्ये आयपी लिहिलेला असतो. साइटची पत्रं वेगळ्या मेल सेवेमार्फत पाठवा आणि नको ते करडे रेकॉर्ड उडवा.

व्हीपीएस (भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) असेल तर फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्टं फक्त क्लाउडफ्लेअरच्या जाहीर आयपी पट्ट्यांना उघडी ठेवा. ही यादी त्यांच्या साइटवर असते. क्लाउडफ्लेअर टनेल, म्हणजे सर्व्हरनेच आतून क्लाउडफ्लेअरशी जोडलेली वाट, वापरलं तर बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडं ठेवावं लागत नाही, आणि मला तो मार्ग जास्त आवडतो. शेअर्ड होस्टिंगवर हे पूर्णपणे तुमच्या हातात नसतं. किती जमेल ते होस्टिंगवाल्याला विचारा.

याच टप्प्यावर आणखी एक काम करून टाका. आता सर्व्हरला सगळे वाचक क्लाउडफ्लेअरच्या आयपीवरून आल्यासारखे दिसतात. सुरक्षा प्लगइनला वाटतं, एकच माणूस हजार वेळा येतोय. ते त्या आयपीला बंदी घालतं आणि हकनाक शेकडो वाचक बाहेर राहतात. खरा आयपी 'सीएफ-कनेक्टिंग-आयपी' या हेडरमध्ये येतो, तोच वाचायला प्लगइनला सांगा. वेब सर्व्हर अपाचे असेल तर मॉड-रिमोटआयपी आणि एनजिनएक्स असेल तर रिअल-आयपी मॉड्यूल हे काम करतं.

७. पहाऱ्याचे नियम

मोठ्या हल्ल्यांपासूनचं संरक्षण २०१७ पासून मोफत योजनेतही मोजदाद न करता मिळतं. तुम्हाला लिहायचे आहेत ते छोटे नियम. मोफत योजनेत ५ मिळतात, आणि तेवढे पुरतात.

लॉगिनच्या पानावर भारताबाहेरून येणाऱ्याला 'मॅनेज्ड चॅलेंज' (माणूसच आहे ना याची तपासणी) लावा. 'ब्लॉक' लावू नका, कारण संपादक मंडळातलं कुणी ना कुणी दुबईत किंवा डॅलसमध्ये असतंच. वर्डप्रेसचं मोबाइल ॲप किंवा जेटपॅक वापरत नसाल तर बाहेरच्या ॲपसाठी असलेली एक्सएमएल-आरपीसीची फाइल सरळ ब्लॉक करा. रेट लिमिटिंगचा, म्हणजे थोड्या वेळात किती वेळा येता येईल यावरच्या मर्यादेचा, एक नियम मिळतो, तोही लॉगिनलाच लावा.

बॉट, म्हणजे आपोआप येणारे प्रोग्राम, अडवणारा 'बॉट फाइट मोड' चालू करताना जपा. तो पेमेंट गेटवेचा निरोपही अडवू शकतो. वर्गणीचे पैसे कापले जातात, पण साइटला कळत नाही. तुमच्या नियमांनी त्यातून सूट देता येत नाही, म्हणून ऑनलाइन पैसे घेणाऱ्या साइटवर मी तो बंदच ठेवते. 'अंडर अटॅक मोड' हल्ला चालू असेल तेवढ्यापुरता. विसरून चालूच राहिला तर प्रत्येक वाचकाला आधी तपासणीचं पान दिसतं.

यातलं काहीच जुनं, भोक पडलेलं प्लगइन दुरुस्त करत नाही. अपडेट चालूच ठेवा.

८. अडलं तर काय पाहायचं

पानाऐवजी चुकीचा क्रमांक दिसला तर तो वाचा. ५२१ म्हणजे तुमच्या सर्व्हरने जोडणी नाकारली: तो बंद आहे किंवा फायरवॉलने क्लाउडफ्लेअरलाच अडवलंय. ५२२ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. ५२५ आणि ५२६ प्रमाणपत्राच्या तक्रारी, चौथ्या पायरीकडे जा. फक्त बदल दिसत नसेल तर 'डेव्हलपमेंट मोड' चालू करा. तो ३ तास कॅश बाजूला ठेवतो आणि मग आपोआप बंद होतो. शंभर एमबीहून मोठी फाइल चढत नसेल तर ती मोफत योजनेची मर्यादा आहे, फाइल एफटीपीने टाका.

आणि कधी कधी क्लाउडफ्लेअरच बंद पडतं. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांच्या बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि जगभरातल्या असंख्य साइट कोसळल्या. अनेकांना डॅशबोर्डमध्ये लॉगिनही करता येत नव्हतं, म्हणजे ढग करडा करण्याची सोयही नव्हती. म्हणून डोमेनची नोंदणी वेगळ्या रजिस्ट्रारकडेच राहू द्या. डीएनएस रेकॉर्डची एक्सपोर्ट केलेली फाइल आणि होस्टिंगचे जुने नेमसर्व्हर संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवा, आणि ते कुठे आहेत हे तुमच्याखेरीज आणखी एकाला माहीत असू द्या. काही तासांच्या बंदसाठी नेमसर्व्हर हलवू नका, कारण तो बदल पोचेपर्यंत दुरुस्ती झालेली असते. एक दिवसाहून जास्त लांबलं तरच हलवा, आणि त्या दिवशी वाचकांना कळवायला व्हॉट्सॲपचा गट आधीपासून तयार ठेवा.